बाबांची बटणं आणि प्रितेशचे पॅच

आज सकाळी चहा घ्यायला उठले, तेवढ्या वेळात माझ्या कॉम्प्युटरने परस्पर स्वतःला नवं करून घेतलं. परत येऊन बघते तर अक्षरं मुंगीएवढी झालेली, मराठी कीबोर्ड गायब, आणि खालच्या पट्टीवर मी माझ्या सोयीने लावून ठेवलेली चित्रं कुठल्या कुठे पांगलेली. वर एक हसरी ओळ होती, की आम्ही तुमच्यासाठी सगळं अधिक चांगलं केलं आहे. कुणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं का? माणूस वर्षानुवर्षं आपल्या हाताला, डोळ्याला जमेल तशी एकेक गोष्ट लावून घेतो, आणि कुणीतरी लांब बसलेला शहाणा एका फटक्यात ती पुसून वर शाबासकी मागतो. मी खुर्चीत बसून एकटीच चिडत होते आणि नेमका त्याच वेळी खिडकीबाहेर मैदानावरचा भोंगा खाकरला. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. सर्व क्रिकेटप्रेमींना..."

म्हणजे टूर्नामेंटांचा हंगाम सुरू झाला.

बाहेरच्या माणसाला हिवाळा म्हणजे स्वेटर. आम्हाला पनवेलजवळच्या सुकापुरात आणि आजूबाजूच्या गावांत हिवाळा म्हणजे टेनिस बॉलचं क्रिकेट. भात कापून झालं, झोडून कणगीत गेलं, की मोकळ्या शेतातली धसकटं तुडवायची, बांध फोडून सपाट करायचे, पाणी मारून रूळ फिरवायचा. चुन्याच्या रेषा, बांबूंचा मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाहुण्यांच्या गळ्यात शाली. सकाळी पायाला दव लागतं आणि बाजूच्या वावरातल्या वालाच्या फुलांचा वास येतो. संध्याकाळी कुठेतरी पोपटी लागलेली असते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी घालून मडकं उलटं करून वर पेंढा पेटवलेला, आणि त्या धुराचा ओव्यासारखा वास थेट घरात. आता सुकापुरात शेतं उरलेली नाहीत. टॉवर उभा राहायचा बाकी आहे अशा एका पत्रे ठोकलेल्या प्लॉटवर सामने होतात. पण समालोचकाचा घसा तोच आहे, आणि त्याचा आवाज पहिल्यासारखाच माझ्या कामाच्या आड येतो.

तो आवाज ऐकला की मला एकच हिवाळा आठवतो आणि डोकं सणकतं. दोन हजार दहाच्या आगेमागे असेल. त्या वर्षी गणपती गेले आणि बाबांना अर्धांगाचा झटका आला. माझे बाबा विटा-रेतीच्या गाड्या चालवायचे, आणि त्याआधी, माझ्या जन्माच्या आसपास, गावाच्या टीमचे ओपनिंग बॉलर होते. त्यांचा रनअप वेशीवरच्या वडापासून सुरू व्हायचा असं लोक अजून सांगतात. झटक्यानंतर पाय काठीच्या आधाराने परत आला. बोलणं परत आलं, जरा जड. उजवा हात मात्र आला नाही. तो मांडीवर पडून राहायचा आणि बाबा त्याच्याकडे बघणं टाळायचे. डॉक्टर म्हणाले, डोक्याला काहीतरी काम द्या, नुसतं बसू देऊ नका.

ते काम घेऊन आला प्रितेश. माझा चुलतभाऊ, खारघरच्या कॉलेजात इंजिनीअरिंगला, पण हजेरीपुरता. त्याचं खरं शिक्षण आमच्या घरात, माझ्या कॉम्प्युटरवर चाललं होतं. मी तेव्हा बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तो कॉम्प्युटर माझ्या अभ्यासासाठी घेतला होता, हे वाक्य त्या वर्षी मी इतक्यांदा म्हटलं की आईने ते ऐकणंच सोडून दिलं. प्रितेशने त्यावर क्रिकेटचा एक गेम टाकला, बाबांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "काका, खेला जरा. ग्राउंडवर जायला नको, की ऊन लागायला नको."

बाबा आधी नको नको म्हणाले. मग बसले, आणि उठेनात.

आता प्रितेशचं वेड सांगायला हवं. त्याला गेम खेळण्यापेक्षा गेम बदलण्यात रस होता. मूळ गेममध्ये जर्सी भलत्याच रंगाच्या, खेळाडूंची नावं खोटी. ती दुरुस्त करायला जगभरची रिकामटेकडी पोरं छोटे छोटे भाग तयार करून इंटरनेटवर टाकायची. खरे चेहरे, खऱ्या बॅटी, नवीन मैदानं. त्याला आम्ही पॅच म्हणायचो. प्रितेश जुन्या पनवेलच्या सायबर कॅफेतून पेनड्राइव्ह भरून पॅच आणायचा, एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला लावायचा, आणि सगळ्यांचा मिळून स्वतःचा एक संच बांधायचा. इथपर्यंतही ठीक होतं. पण मग त्याने एका परदेशी संघाला काढून टाकलं आणि त्याच्या जागी आमच्या गावाची टीम घातली.

खरंच घातली. मोबाइलवर एकेकाचा फोटो काढून. चौकातल्या वडापाववाल्या बाळाचं तोंड एका सहा फुटी गोऱ्या माणसाच्या खांद्यांवर बसलं. जर्सीवर आमच्या भागातल्या एका बिल्डरचं नाव आलं, कारण खऱ्या जर्सीवरही तेच होतं. मैदान म्हणून त्याने आमच्याच शेताचा फोटो पसरला, आणि त्या फोटोत कोपऱ्यात उभी असलेली म्हैस निघता निघेना, म्हणून मिडविकेटला कायमची एक चपटी म्हैस. गावातली पोरं येऊन ती बघून जायची. प्रितेशची कॉलर ताठ.

हंगाम पुढे सरकला तशी टीम बदलायची. कुणी दुसऱ्या गावाकडून खेळायला गेला, कुणाचा अंगठा मोडला, कुणी मिशी काढली. प्रत्येक बदलाला प्रितेशचा नवा संच. त्याची नावं तो 'फायनल', 'नवा फायनल', 'खरा फायनल' अशी ठेवायचा. आणि प्रत्येक संच आमच्या घरी, माझ्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा चढायचा.

बाबांनी या सगळ्यात आपली एक वेगळी जागा करून घेतली होती. तो गेम दोन हातांसाठी बनवलेला. डाव्या हाताने खेळाडू हलवायचा, उजव्याने फटका मारायचा. बाबांनी सेटिंगमध्ये जाऊन, एकेक बटण तपासत, सगळा खेळ डाव्या हाताखाली आणला. बचाव या बोटाला, ड्राइव्ह त्या बोटाला, पळायचं अंगठ्याला. मला विचारलं नाही, प्रितेशला विचारलं नाही. एकेक बटण लावायचं, दोन षटकं खेळायची, पटलं नाही तर परत बदलायचं. गेमचा वेग कमी केला. अक्षरं मोठी केली. इंग्रजी समालोचन बंद केलं, कारण "तो काय बोलतं ते त्यालाच ठावं". चेंडू पांढऱ्याचा पोपटी केला. कीबोर्ड घसरू नये म्हणून आईने त्याच्याखाली ओला पंचा घालून दिला. दुखण्यानंतर पहिल्यांदाच त्या घरात एखादी गोष्ट बाबांच्या मनाप्रमाणे झाली होती. बाकी सगळं, अगदी जेवणातलं मीठसुद्धा, डॉक्टरच्या मनाप्रमाणे चाललेलं.

आणि हे सगळं प्रितेशच्या प्रत्येक 'फायनल'मध्ये वाहून जायचं. कारण हा शहाणा संच बांधताना अख्खा फोल्डर उचलायचा, त्यात त्याची स्वतःची सेटिंगही यायची, आणि ती बाबांच्या सेटिंगवर जाऊन बसायची.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी घरातच होते. बाबा चांगले चाळिशीत खेळत होते, म्हणजे स्क्रीनवरचा बाळा वडापाववाला खेळत होता, आणि बाबांनी डाव उद्यावर ठेवला. मध्ये प्रितेश येऊन गेला. दुसऱ्या दिवशी बाबांनी बचावाचं बटण दाबलं आणि बाळा क्रीज सोडून तरातरा पुढे धावला. मागे यष्टीरक्षकाने बेल्स उडवल्या. बाबांनी स्क्रीनकडे बघितलं नाही. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, पालथा करून, उताणा करून.

"हा पन चालला," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, सेटिंग उडालीय. तुमचा हात नाय चुकला, बटनं बदललीत."

त्यांनी मान हलवली. आजारी माणसाला कुणी बरं वाटावं म्हणून काही सांगितलं की तो जशी हलवतो तशी. दोन दिवस ते खुर्चीकडे फिरकले नाहीत. त्या दोन दिवसांत मला कळलं की इथे खेळाचा प्रश्नच नाही. ज्या माणसाचा अर्धा देह एका सकाळी न सांगता बंद पडला, त्याला चूक मशीनची की आपली हे आता कळत नाही, आणि प्रत्येक वेळी तो ती आपल्याच खात्यावर लावतो.

प्रितेशला हे समजावणं म्हणजे त्या चपट्या म्हशीला समजावणं.

"प्रितेश, बाबांची बटनं गेली परत."

"मंग परत लावू ना ताई. दोन मिनटांचं काम."

"तुझ्यासाठी दोन मिनिटांचं. ते आठवडाभर खपले होते."

"हो, पन जर्सी बगितलीस का? या टायमाला कॉलर पन टाकली."

मी कॉलर बघितली. काय करणार, डोळ्यासमोरच होती.

माणसांना दुसऱ्याची मांडणी विस्कटायचा हक्क कोण देतं, हा प्रश्न मला त्या हिवाळ्यात सतत पडायचा. बाबांना बघायला येणारे नातेवाईक तसेच. चिरनेरहून, आईच्या माहेराहून, मामा आले आणि खाटेचं तोंड चुकलंय म्हणून खाट फिरवून गेले. बाबांना खिडकीतून दिसणारा रस्ता बंद झाला. आत्या आली आणि तिने काठी ठेवायची जागा बदलली. सगळे प्रेमानेच आलेले. हातात नारळपाणी घेऊन. आणि गावाचं तरी काय वेगळं चाललं होतं? जिथे आमचं खळं होतं तिथून डांबरी रस्ता गेला, विहिरीवर सोसायटीचं गेट बसलं, आणि वर पाटीवर लिहिलेलं की आपल्या सेवेसाठी. मी चिडायचे ते या सगळ्यावर, पण हाताशी सापडायचा प्रितेश.

उपाय केले. फोल्डरची प्रत काढून ठेवली, संच चढला की ती परत घालायची. पण मी कॉलेजात असायचे आणि तोपर्यंत बाबांचा एखादा डाव बरबाद झालेला असायचा. मॉनिटरवर कागद चिकटवला, 'विचारल्याशिवाय काहीही टाकू नये'. प्रितेशने त्याला पोपटीचे तेलकट हात पुसले. आईला पहारा करायला सांगितलं तर ती म्हणाली, "मना त्यातला काय समजतं? तो येतं, काकांशी दोन गोष्टी बोलतं, मी त्याला हाकलू?" तेही खरं होतं. गावातली बाकीची माणसं दारातूनच चौकशी करून जायची. बाबांशेजारी तास तास बसणारा तोच एक होता.

मग एक दिवस वर्गात शिकवलेलं डोक्यात आलं. सेटिंगची सगळी माहिती एका छोट्या फाइलमध्ये असते. त्या फाइलला रीड-ओन्ली अशी खूण करता येते. म्हणजे वाचायची मुभा, वर लिहायची नाही. मी बाबांची बटणं नीट लावून घेतली, ती फाइल शोधली, खूण केली. पुढचा 'एकदम फायनल' आला तेव्हा त्या फाइलपाशी येऊन अडला. प्रितेशने नेहमीप्रमाणे न वाचता 'सोडून पुढे जा' दाबलं. जर्सी बदलली, चेहरे बदलले, आणि बाबांची बटणं जागच्या जागी राहिली. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी प्रितेशला स्वतःहून चहा दिला. त्याला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने खूण काढली असती.

यानंतर घर शांत व्हायला हवं होतं. झालं उलटंच. बाबा सकाळी सकाळी कातावलेले दिसायला लागले. कॉम्प्युटर सुरू झाला की पहिला चेंडू टाकायच्या आधी बराच वेळ नुसते बसायचे. चहा गार झाला म्हणून आईवर खेकसायचे, आणि तो आईने नुकताच आणलेला असायचा. मध्येच मला विचारायचे, "आज वार काय गं?" मी सांगितलं की आधीच ठाऊक असल्यासारखी मान डोलवायचे. आईला विचारायचे, काल भाजी कुठली होती, आणि तिने सांगायच्या आत स्वतःच सांगायचे, "वांगी ना? वांगीच." आम्हाला वाटलं, दुखण्याने माणूस चिडका होतो. माझा संशय प्रितेशवर होताच. मी रोज येऊन ती फाइल तपासायचे. खूण शाबूत, बटणं शाबूत. मग कशाला हा त्रागा? माझाही तोल जायला लागला. एवढी राखण करायची आणि वर यांचं तोंड बघायचं.

फायनलच्या दिवशी, मैदानावरची खरी फायनल, कॉलेजला दांडी मारून मी घरी होते. भोंगा सकाळपासून ओरडत होता. समोर चिरनेरची टीम आली होती, त्यामुळे आई सकाळपासून कुणाच्या बाजूने ते सांगत नव्हती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रितेश धावत आला, अंगाला चुना आणि धूळ, हातात पेनड्राइव्ह. चिरनेरची टीमही आता गेममध्ये घालायची होती. मी दार अडवायला उठले. तेवढ्यात तो बाबांच्या खुर्चीमागे जाऊन थांबला.

"काका," तो म्हणाला, "तुमी रोज रोज तेच बटन का लावताव?"

सेटिंगचं पान उघडं होतं.

"कुठलं बटण?" मी विचारलं.

"बॉलिंग करताना बॉल सोडायचा. उजवीकडचा." प्रितेशने बोट दाखवलं. "मी सकालचा येतू तवा काका हेच करत असतान. काल केला, परवा केला."

मी पहिल्यांदाच नीट बघितलं. बाबांचा उजवा हात मांडीवर नव्हता. डाव्या हाताने उचलून त्यांनी तो टेबलावर ठेवला होता, कीबोर्डच्या उजव्या टोकाला, आणि त्याचं पहिलं बोट शेवटच्या मोठ्या बटणावर टेकलेलं होतं. मी त्या वेळी कॉलेजात असायचे. आई स्वयंपाकघरात. हे कधीपासून चाललं होतं, कुणाला ठाऊक.

"लावतू," बाबा हळू म्हणाले. "लावतू आन दुसरे दिवशी नसतं."

प्रितेशने वाकून माउस घेतला, दोन-तीन फोल्डर उघडले, आणि वळून माझ्याकडे बघितलं. "ताई, ही फाइल लॉक कोनी केली?"

"मी. तुझ्यापासून."

"अगं मंग काकांनी लावलेला सेव कसा होनार? गेम बंद झाला की जुना ते जुनाच येनार ना परत."

त्याचं बरोबर होतं. वर लिहायची बंदी म्हणजे सगळ्यांनाच बंदी, बाबांनासुद्धा. त्या खुणेला माणसं ओळखता येत नव्हती. प्रितेशसारख्या माणसाचं बरोबर असणं ही किती संतापजनक गोष्ट असते हे ज्याला चुलतभाऊ आहेत त्यालाच कळेल. मी खूण काढली.

"लावा आता," प्रितेश म्हणाला.

बाबांनी डाव्या हाताने ती ओळ निवडली. अशा वेळी गेम थांबतो, हव्या त्या बटणाची वाट बघत. बाहेर भोंग्यावर कुणाच्या तरी षटकाराचं कौतुक चाललं होतं. बाबांचं उजवं बोट बटणावर होतं, पण खाली जात नव्हतं. त्यांचा खांदा वर आला, ओठ आवळले गेले. प्रितेशचा हात मदतीला पुढे झाला तो मी धरून ठेवला. मग बोट खाली गेलं. ओळीवर बटणाचं नाव उमटलं.

"आता बंद कर," बाबा म्हणाले, "आन परत चालू कर."

तो कॉम्प्युटर सुरू व्हायला जेवढा वेळ घ्यायचा तेवढ्यात भाताला एक उकळी यायची. आम्ही तिघं उभे-बसलेले, त्या काळ्या पडद्याकडे बघत. गेम उघडला. बाबांनी स्वतः सेटिंगचं पान काढलं. बटण होतं. त्यांनी बोट लावून पडद्यावर ते नाव वाचलं. मग परत बंद करायला लावलं, परत सुरू करायला लावलं. परत होतं.

बाबा खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं आता माझ्यावर बरसणार, आणि मीही तयार होते. अर्ध्या हंगामाचा राग माझ्याकडेही होता. पण ते आमच्याकडे बघतच नव्हते.

"म्हंजे मी इसरत नव्हतू," ते म्हणाले.

प्रितेशला अर्थ लागला नाही. मला लागला, आणि आज वार काय, काल भाजी कुठली, सगळं एकदम कानात वाजलं. रोज सकाळी हा माणूस आपण काल लावलेलं बटण शोधत होता. ते नव्हतं, म्हणजे आपण लावलंच नसणार, म्हणजे हाताच्या मागोमाग आता डोकंही निघालं, असं तो धरून चालला होता. आणि कुणाला बोलला नव्हता. तरीही रोज ते बटण नव्याने लावत होता.



पुढे तो हात फारसा सुधारला नाही, हेही सांगून टाकते. तेवढं एक बोट आणि थोडासा अंगठा. प्रितेशचं आता जुन्या पनवेलला फ्लेक्सचं दुकान आहे; वाढदिवसाच्या बॅनरवर एकाचं डोकं दुसऱ्याच्या कोटावर बसवण्याचे तो पैसे घेतो, आणि अजूनही घरी आला की न विचारता माझ्या मोबाइलमध्ये काहीतरी बदलून जातो. मी अजूनही भांडते.

पण त्या दुपारी बाबा डाव्या हाताने टेबल धरून खुर्चीतून अर्धे उठले होते आणि स्वयंपाकघराकडे वळून, भोंग्याच्या वर आवाज काढून ओरडत होते. दुखण्यानंतर तसा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता.

"अगं ऐकतंस काय! मी इसरत नव्हतू! डोका जागेवर हाय माजा!"

आई भाकरीच्या पिठाने भरलेले हात तसेच घेऊन धावत आली. काय झालं ते तिला कळेना, ती एकदा माझ्याकडे आणि एकदा प्रितेशकडे बघत होती. आणि बाबा तिला परत परत तेच सांगत होते.